पिकअपचे इनटेक मॅनिफोल्ड आणि इंजेक्टर बदलताना: निवडीपासून चाचणीपर्यंत

भरलेला हौदा किंवा मागे जोडलेला ट्रेलर ओढणारी पेट्रोल पिकअप बहुतेक वेळ मिनिटाला १,५०० ते ३,५०० फेऱ्यांच्या दरम्यान चालते, आणि इनटेक मॅनिफोल्ड (हवेची पेटी आणि तिथून प्रत्येक सिलिंडरकडे जाणाऱ्या नळ्या) निवडताना नेमकी हीच गोष्ट विसरली जाते. जाहिरातीत छापलेला जास्तीच्या अश्वशक्तीचा आकडा बहुधा ६,००० फेऱ्यांच्या आसपासचा असतो. तो खोटा नसतो. मात्र चढावर वजन खेचणाऱ्या चालकाला त्याचा काही उपयोग होत नाही. त्यामुळे पाना हातात घेण्याआधी आपले इंजिन रोज कोणत्या फेऱ्यांवर राबते, हे स्कॅनर लावून आठवडाभर नोंदवावे. पुढचे सगळे निर्णय त्या नोंदीवर ठरतात.

हा लेख पोर्ट इंजेक्शनच्या पेट्रोल इंजिनांपुरता आहे, म्हणजे ज्यांत इंजेक्टर सिलिंडरच्या आत नव्हे, तर इनटेक व्हॉल्व्हच्या मागे इंधन फवारतो. उदाहरणासाठी १९९९ पासून शेव्हरोले सिल्व्हेराडोत आलेले ५.३ लिटरचे व्ही-८ इंजिन घेतले आहे. थेट इंजेक्शनच्या इंजिनांत आणि कॉमन रेल डिझेलमध्ये इंधनाचा दाब कितीतरी पट जास्त असतो. डिझेलमध्ये तो हजार बारच्याही वर जातो आणि गळतीची बारीक धार कातडीतून आत शिरू शकते. त्या गाड्यांवर ही पद्धत वापरू नये.

मॅनिफोल्ड: नळी लांब की आखूड

इनटेक व्हॉल्व्ह मिटतो तेव्हा त्याच्या दिशेने धावत आलेली हवा अडते, दाबली जाते आणि दाबाची एक लाट नळीतून मागे पेटीकडे जाते. तिथून ती परावर्तित होऊन पुन्हा व्हॉल्व्हकडे येते. ती परत येण्याची वेळ आणि व्हॉल्व्ह उघडा असण्याची वेळ जुळली, तर सिलिंडरमध्ये थोडी जास्त हवा कोंबली जाते. फेऱ्या कमी असतील तर दोन उघडझापांमधला वेळ मोठा असतो, म्हणून लाटेला लांबचा प्रवास हवा. फेऱ्या वाढल्या की आखूड नळी जमते. पिकअपसाठी बनवलेली मॅनिफोल्ड उंच आणि बेढब दिसतात, ती लांब नळ्या वळवून बसवाव्या लागल्यामुळे. त्याच इंजिनाचे स्पोर्ट्स कारमधले बुटके, देखणे मॅनिफोल्ड पिकअपवर चढवले की खालचा टॉर्क कमी झाल्याची तक्रार बऱ्याचदा येते. माझे मत स्पष्ट आहे: जी गाडी ओझे वाहते, तिच्यावर आखूड नळ्यांचे मॅनिफोल्ड बसवू नये, मग ते कितीही स्वस्तात मिळो. कॅमशाफ्ट, हेड आणि एक्झॉस्टही वरच्या फेऱ्यांसाठी बदललेले असतील, तर गोष्ट वेगळी.

मॅनिफोल्डच्या तोंडाचा आकार सिलिंडर हेडच्या पोर्टशी, म्हणजे हवा आत नेणाऱ्या भोकांशी, जुळलाच पाहिजे. वर सांगितलेल्या ५.३ लिटरच्या इंजिनात तो कमानीसारखा उंच आणि वर निमुळता होत जाणारा आहे, तर याच घराण्यातल्या नंतरच्या काही हेडवर चौकोनी आहे. बोल्टची भोके जुळतात, म्हणून मॅनिफोल्ड बसेलच असे समजू नये. थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) तीन बोल्टची आहे की चार, ती केबलवर चालते की विजेवर, ब्रेक बूस्टरच्या व्हॅक्यूम पाइपला जागा आहे की नाही, मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा मॅप सेन्सर कुठे बसतो आणि बॉनेट मिटते की नाही, हे सगळे पॅकिंग न लावता मॅनिफोल्ड नुसते ठेवून पाहावे. प्लॅस्टिकचे मॅनिफोल्ड इंजिनाची उष्णता हवेला कमी देते, म्हणून साध्या वापरासाठी तेच बरे. टर्बो किंवा सुपरचार्जर बसवायचा असेल, तेव्हा ॲल्युमिनियमचा विचार करावा.

इंजेक्टर किती मोठा

मोठा इंजेक्टर लावल्याने शक्ती वाढते, हा समज फार पसरलेला आहे. इंजेक्टर शक्ती देत नाही. जितकी हवा आत आली, तितके इंधन पुरवणे एवढेच त्याचे काम. जुने इंजेक्टर पुरे पडत असतील, तर मॅनिफोल्ड बदलूनही ते तसेच ठेवावेत.

पुरे पडतात की नाही, हे हिशेबाने कळते. टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनाला प्रत्येक अश्वशक्तीमागे ताशी साधारण अर्धा पौंड, म्हणजे मिनिटाला अंदाजे सव्वापाच सीसी पेट्रोल लागते. समजा, उद्दिष्ट ३८० अश्वशक्तीचे आहे आणि ती चाकांवर नव्हे, तर इंजिनावर मोजलेली आहे. एकूण गरज मिनिटाला जवळपास २,००० सीसी झाली. आठांत वाटली की प्रत्येकी २५०. पण इंजेक्टर सतत उघडा ठेवता येत नाही. तो उपलब्ध वेळेच्या ८० टक्क्यांपर्यंतच उघडा राहावा असे धरून २५० ला ०.८ ने भागले, की ३१२ सीसी येतात. म्हणजे ३२० ते ३५० सीसीचा इंजेक्टर योग्य. इथेनॉलचे प्रमाण ८५ टक्के असलेले इंधन वापरायचे असल्यास गरज साधारण एक तृतीयांशाने वाढते आणि हाच आकडा ४१५ च्या घरात जातो.

हा आकडा कोणत्या दाबावर मोजलेला आहे, हे न पाहता इंजेक्टर घेणारे पुष्कळ जण फसतात. प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. ३ बारवर ३०० सीसी देणारा इंजेक्टर ४ बारवर सुमारे ३४६ सीसी देतो. वरच्या उदाहरणातल्या इंजिनाच्या रेलमध्ये (इंजेक्टरांना इंधन पुरवणाऱ्या नळीत) साधारण ५८ पीएसआय, म्हणजे ४ बार दाब असतो, तर बाजारातल्या अनेक इंजेक्टरांवरचा आकडा ३ बारचा असतो. दोन्ही आकडे एकाच दाबावर आणूनच तुलना करावी.

विजेच्या बाजूने दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली म्हणजे रोध. मल्टिमीटरवर १२ ते १६ ओहम दाखवणारे इंजेक्टर बहुतेक मूळ ईसीयूंना (इंजिन चालवणाऱ्या संगणकांना) चालतात. दोन-तीन ओहमचे इंजेक्टर त्याच ईसीयूला जोडले, तर सव्वा अँपिअरच्या जागी पाच-सहा अँपिअर वाहू शकतात आणि ईसीयूमधले इंजेक्टर चालवणारे सर्किट जळते. दुसरी गोष्ट कपलरची. इंजेक्टरच्या डोक्यावरचे सॉकेट वेगवेगळ्या घडणीचे असते. जुळत नसेल तर तयार अडॅप्टर घ्यावा, पण वायरिंग कापून पिळे मारू नयेत. उंचीही मोजावी. आखूड इंजेक्टर रेल आणि मॅनिफोल्ड यांच्यामध्ये सैल राहतो, आणि दाबाखाली वर सरकला की पेट्रोल बाहेर येते.

इंजेक्टरपेक्षा त्याची माहिती महत्त्वाची

ईसीयूने विजेचा संकेत दिल्यापासून इंजेक्टर प्रत्यक्ष उघडेपर्यंत साधारण एक मिलिसेकंद जातो. याला डेड टाइम म्हणतात आणि बॅटरीचा व्होल्टेज उतरला की तो वाढतो. मंद चालीवर (गाडी उभी, इंजिन सुरू) इंजेक्टरला दिलेला संपूर्ण संकेतच अडीच-तीन मिलिसेकंदांचा असतो, त्यात ०.२ मिलिसेकंदाची चूक झाली, तर मिश्रण सुमारे १० टक्क्यांनी बिघडते. ६,००० फेऱ्यांवर एक पूर्ण चक्र २० मिलिसेकंदांचे असते आणि संकेत १६ पर्यंत जातो. तिथे तीच चूक जेमतेम एक-सव्वा टक्क्याची ठरते. म्हणूनच नवे इंजेक्टर लावलेली गाडी पूर्ण थ्रॉटलवर झकास पळते, पण सिग्नलला उभी राहिली की थरथरते आणि थंड असताना चार-चार वेळा बंद पडते. अशा वेळी इंजेक्टरला दोष देण्यात अर्थ नाही. ईसीयूला चुकीचा डेड टाइम दिलेला असतो.

त्यामुळे विकत घेताना व्होल्टेजनुसार डेड टाइमचा तक्ता, दाबानुसार प्रवाहाचा तक्ता आणि लहान संकेतांवरच्या वर्तनाची माहिती मिळते की नाही, हे पहिल्यांदा विचारावे. जो विक्रेता फक्त सीसीचा आकडा सांगतो, त्याच्याकडून घेऊ नये. संचातल्या इंजेक्टरांच्या प्रवाहात दोन-तीन टक्क्यांपेक्षा जास्त तफावत नसावी.

परत जाणारी इंधन नळी नसलेल्या गाड्यांत आणखी एक बारकावा आहे. तिथे रेलचा दाब बाहेरच्या हवेच्या तुलनेत स्थिर असतो, पण इंजेक्टरचे टोक मॅनिफोल्डच्या निर्वातात असते. मंद चालीवर मॅनिफोल्डमध्ये ३५ किलोपास्कल असतील, तर इंजेक्टरच्या दोन टोकांमधला फरक ४०० ऐवजी सुमारे ४६६ किलोपास्कल होतो आणि प्रवाह ८ टक्क्यांनी वाढतो. ईसीयूतला तक्ता याच हिशेबाने भरावा लागतो. रेग्युलेटरला व्हॅक्यूमची नळी जोडलेली असेल, तर तो हा फरक स्वतःच सांभाळतो.

काम सुरू करण्यापूर्वी

गाडी जुनी असेल, तर आधी कॉम्प्रेशन, इंधनाचा दाब, मंद चालीवरचा व्हॅक्यूम आणि दोन्ही बाजूंचे, म्हणजे सिलिंडरांच्या दोन रांगांचे, फ्युएल ट्रिम (ईसीयू इंधनात करत असलेली टक्केवारीतली दुरुस्ती) लिहून ठेवावेत. आधीपासून असलेला दोष नव्या भागांच्या माथी मारला जातो, तो ही नोंद नसल्यामुळे.

इंजिन रात्रभर थंड होऊ द्यावे. फ्युएल पंपाचा रिले किंवा फ्यूज काढून इंजिन चालू करावे. ते आपोआप बंद पडले की रेलमधला बराचसा दाब उतरतो. उरलेला दाब रेलवरच्या चाचणी-व्हॉल्व्हवर फडके धरून सोडावा आणि मग बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल काढावे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि खाली साचते, म्हणून हे काम सर्व्हिस पिटवर करू नये. दारे उघडी असावीत, तापणारा बल्ब नसावा आणि आग विझवण्याचे सिलिंडर हाताशी असावे.

आता एक कंटाळवाणे, पण अत्यावश्यक काम. इंजेक्टरच्या बुडाशी आणि मॅनिफोल्डच्या कडेला वर्षानुवर्षांची धूळ-तेलाची खळ साचलेली असते. काहीही सैल करण्याआधी ती ब्रशने सुटी करून हवेच्या झोताने उडवावी, कारण इंजेक्टर उपसला की ती थेट पोर्टमध्ये पडते.

जुने मॅनिफोल्ड उतरवणे

एअर डक्ट काढावा. प्रत्येक कपलर आणि व्हॅक्यूम नळीवर चिकटपट्टी लावून क्रमांक टाकावा आणि मोबाइलवर फोटो घ्यावेत. थ्रॉटल बॉडीतून कूलंटच्या बारीक नळ्या जात असतील, तर त्या काढताना थोडे कूलंट सांडते, ते धरून ठेवावे. इंधनाची नळी तिच्या मापाच्या साधनानेच सोडवावी. स्क्रू ड्रायव्हरने उचकटले की आतली क्लिप तुटते. विजेवर चालणाऱ्या थ्रॉटलची पाकळी बोटाने ढकलू नये.

५.३ लिटरच्या इंजिनात मॅनिफोल्डला दहा बोल्ट आहेत आणि रेल त्यावरच ठेवून सगळे एकत्र उचलता येते. बोल्ट बाहेरून मध्याकडे, थोडे थोडे सैल करावेत. मॅनिफोल्ड किंचित वर केले की मागच्या बाजूचे उरलेले कपलर आणि नळ्या दिसतात. ते न काढता जोर लावला, तर मागच्या भागातला एखादा नाजूक सेन्सर मोडतो.

मॅनिफोल्ड निघाल्याबरोबर पोर्ट झाकावेत. माझ्या हातून एकदा आठ पोर्टमध्ये आठ फडकी कोंबली गेली आणि मॅनिफोल्ड परत बसवून बोल्ट आवळताना ट्रेमध्ये सातच दिसली. आठवे सहाव्या सिलिंडरच्या पोर्टमध्ये, उघड्या व्हॉल्व्हला टेकून बसले होते. तेव्हापासून मी आठही फडकी एकाच लाल दोरीला बांधतो आणि दोरीचे टोक बॅटरीच्या टर्मिनलवर अडकवतो. ती सोडल्याशिवाय गाडी सुरूच करता येत नाही.

हेडवरचे जुने पॅकिंग प्लॅस्टिकच्या खरवडणीने आणि सॉल्व्हंटने काढावे. ड्रिलला लावायच्या खरखरीत चकत्या वापरू नयेत; त्यांचे अपघर्षक कण तेलात उतरतात आणि बेअरिंग खातात. पोर्टमधला कचरा फुंकून आत न ढकलता व्हॅक्यूम क्लीनरने ओढून घ्यावा.

या इंजिनाच्या पहिल्या पिढीत इंजिनातली ठकठक (नॉक) ओळखणारे दोन नॉक सेन्सर मॅनिफोल्डखालच्या दरीत, खोल भोकांत बसवलेले असतात. इंजिन धुताना शिरलेले पाणी तिथे साचते आणि सेन्सर गंजतो; मग ईसीयू ठिणगीचे टायमिंग मागे घेते आणि पी०३२७ किंवा पी०३३२ हा कोड येतो. एरवी तिथे हात पोचत नाही, त्यामुळे मॅनिफोल्ड निघालेच आहे तर दोन्ही सेन्सर आणि त्यांची वायर बदलून टाकावी. मागच्या बाजूचा ऑइल प्रेशर सेन्सरही याच वेळी पाहावा.

नवे भाग बसवणे

आधी इंजेक्टर रेलमध्ये बसवावेत. प्रत्येकाची वरची आणि खालची ओ-रिंग नवी असावी. वरची ओ-रिंग दाबाखालचे इंधन अडवते. खालची व्हॅक्यूम सांभाळते. दोघींना स्वच्छ इंजिन ऑइलचा हलका हात लावावा. सिलिकॉन किंवा ग्रीस वापरू नये. इंजेक्टर सरळ रेषेत, अंगठ्याच्या दाबाने आत जावा. तिरका गेला तर भोकाची धार रबर कापते, आणि काठावर नखाएवढी काळी चंद्रकोर उरते. ती दिसली की इंजेक्टर बाहेर काढून ओ-रिंग बदलावी. पुसून पुढे जाऊ नये. नीट बसलेला इंजेक्टर बोटांनी थोडा फिरवता येतो.

मॅनिफोल्डची पॅकिंगे खाचेत बसल्याची खात्री करून, दोरीवरची फडकी मोजून काढून, मॅनिफोल्ड सरळ खाली ठेवावे. आटे स्वच्छ करून त्यांवर मध्यम ताकदीचा थ्रेड-लॉक (बोल्ट सैल होऊ न देणारा चिकट द्रव) लावावा. बोल्ट हातानेच सुरू करावेत आणि मध्यापासून बाहेरच्या दिशेने, आलटून-पालटून दोन फेऱ्यांत आवळावेत. या इंजिनासाठी पहिल्या फेरीत ५ आणि दुसऱ्या फेरीत १० न्यूटन-मीटर हे माप आहे. रेलच्या बोल्टनाही १० च. दुसरे मॅनिफोल्ड असल्यास त्याच्या निर्मात्याने दिलेले माप पाळावे. दहा न्यूटन-मीटर म्हणजे मनगटाला जेमतेम जाणवेल इतके. चाकाचे नट आवळायचा मोठा टॉर्क रेंच एवढ्या खालच्या मापावर भरवशाचा नसतो, म्हणून छोटा वापरावा. ‘जरा जास्त असू दे’ म्हणून मारलेला शेवटचा अर्धा पिळा प्लॅस्टिकला तडा देतो किंवा ॲल्युमिनियमचे आटे घालवतो.

पहिल्यांदा सुरू करताना

ईसीयूमध्ये नव्या इंजेक्टरची माहिती भरल्याशिवाय इंजिन सुरू करू नये. मोठ्या इंजेक्टरवर ईसीयूतली जुनी फाइल (तक्त्यांचा संच) चालवली, तर जास्तीचे पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरचे तेल धुऊन काढते आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापते. मूळ फाइलची प्रत आधी जतन करावी.

बॅटरी जोडून, इंजिन न फिरवता चावी तीन-चार वेळा चालू-बंद करावी. पंप दर वेळी काही सेकंद चालतो आणि रेल भरते. टॉर्चच्या उजेडात आठही इंजेक्टरच्या मुळाशी बोट फिरवून वास घ्यावा. ओल किंवा वास असेल, तर तिथेच थांबावे. सर्व कोरडे असल्यासच इंजिन सुरू करावे. कूलंटच्या नळ्या उघडल्या असतील, तर हवा काढून पातळी भरावी.

फ्युएल ट्रिम काय सांगतात

इंजिन पूर्ण तापल्यावर ट्रिम पाहावेत. अधिक-उणे ५ टक्क्यांच्या आत असतील, तर काम चांगले झाले. मंद चालीवर ट्रिम अधिक १२-१५ टक्के आहे, पण २,५०० फेऱ्यांवर शून्याच्या जवळ येतो, तर कुठेतरी व्हॅक्यूम लीक आहे. चोरून येणारी हवा मंद चालीवरच्या थोड्या हवेत ठळक दिसते, जास्त हवेत लपते. ती गळती धूर सोडून दाखवणाऱ्या स्मोक मशीनने शोधावी. गरम एक्झॉस्टजवळ ज्वालाग्राही स्प्रे मारून शोधण्याची रीत प्रचलित आहे, पण मी ती सुचवणार नाही. ट्रिम उलट भाराखाली वाढत असेल, तर संशय इंधनाच्या दाबावर, फिल्टरवर किंवा हवा मोजणाऱ्या सेन्सरवर घ्यावा. लीक एकाच बाजूला असेल, तर त्याच बाजूचा ट्रिम बिघडतो. पी०१७१ हा पहिल्या आणि पी०१७४ हा दुसऱ्या बाजूचे मिश्रण पातळ झाल्याचा, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडल्याचा, कोड आहे.

मॅनिफोल्ड बदलल्यामुळे कोणत्या फेऱ्यांवर किती हवा आत येते, हेही बदललेले असते. त्यामुळे ईसीयूतले हवेचे तक्ते, एक्झॉस्टमधून हवा-इंधन प्रमाण मोजणारा वाइडबँड सेन्सर लावून दुरुस्त करावे लागतात. टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनात पूर्ण थ्रॉटलवर हवा-इंधन प्रमाण १२.५ ते १३ च्या दरम्यान असावे. भाराची चाचणी मोकळ्या, सुरक्षित जागी किंवा डायनोवर (गाडी जागेवरच चालवून शक्ती मोजणाऱ्या यंत्रावर) घ्यावी आणि त्या वेळी नॉकमुळे टायमिंग किती मागे जाते, इंधनाचा दाब टिकतो का आणि इंजेक्टर ८०-८५ टक्क्यांच्या पुढे जातात का, हे तिन्ही नोंदवावे. दाब भाराखाली उतरत असेल, तर इंजेक्टर आणखी मोठे करून उपयोग नाही; पंप कमी पडतो आहे. पेट्रोलची वाफ इंजिनात नेणारी पर्जची आणि क्रँककेसची नळी जागा नाही म्हणून बुजवू नये. प्रदूषणाच्या चाचणीत गाडी तिथेच अडकते.

पाच-सहा वेळा इंजिन पूर्ण तापून थंड झाले की ते थंड असतानाच इंजेक्टरचे बूड आणि मॅनिफोल्डची कड पुन्हा पाहावी आणि दोन्ही बाजूंचा एकेक स्पार्क प्लग काढून रंग तपासावा. काढलेले इंजेक्टर सिलिंडरच्या क्रमांकाची चिठ्ठी लावून, टोके बंद करून, जुन्या फाइलच्या प्रतीसोबत जपून ठेवावेत. महिन्याभराने एखादा सिलिंडर मिसिंग करू लागला, तर त्या जागी जुना, चालू असल्याची खात्री असलेला इंजेक्टर घालून क्षणभर मंद चालीवर पाहिले की दोष इंजेक्टरचा की वायरिंगचा, हे लगेच ठरवता येते.